कोल्हापुरातून क्ष-किरण आणि अतिनील आकाशाचं सर्वेक्षण: पहिल्या फाइलपासून शेवटच्या यादीपर्यंत

क्ष-किरणांतलं आकाश जमिनीवरून दिसत नाही. ते किरण हवेत फार वरच शोषले जातात, आणि ३०० नॅनोमीटरखालचा अतिनील प्रकाश ओझोन अडवतो. त्यामुळे पन्हाळ्यावर कितीही मोठी दुर्बीण नेली तरी हे काम तिथून होणार नाही. पण या किरणांत आकाश पाहिलेल्या उपग्रहांची बहुतेक निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी मोफत खुली होतात. एक बरा लॅपटॉप, टिकणारं इंटरनेट आणि तीन-चार महिन्यांची चिकाटी असेल, तर एम.एस्सी.चा विद्यार्थी किंवा जाणता हौशी निरीक्षक स्वतःचं छोटं पण खरं सर्वेक्षण पुरं करू शकतो.

सर्वेक्षण म्हणजे आवडत्या दहा दीर्घिका निवडून त्यांचे आलेख काढणं नव्हे. आकाशाची एक चौकट आधी ठरवायची, तिच्यातला प्रत्येक ठिपका नोंदवायचा, आणि जो दिसायला हवा होता पण दिसला नाही त्याचीही मर्यादा लिहायची. नव्या माणसाचं काम बहुतेक वेळा या शेवटच्या अटीवर अडतं. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर 'खोटे ठिपके किती असतील' आणि 'न दिसण्याची नोंद कशी करायची' या दोन प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

दोन्ही प्रकाश एकत्र का पाहायचे? सक्रिय दीर्घिकेत कृष्णविवराभोवतीची तबकडी अतिनीलात उजळते, तर क्ष-किरण त्याहून आतल्या, अतितप्त वायूतून येतात. क्ष-किरण तासाभरात दुप्पट झाले, तर उगम एका प्रकाश-तासापेक्षा, म्हणजे सुमारे १०८ कोटी किलोमीटरपेक्षा, फार मोठा असू शकत नाही. दूरच्या दीर्घिकेतली एवढी बारीक जागा क्ष-किरण किंवा अतिनील दुर्बिणीच्या चित्रात सुटी दिसत नाही. ती चढउतारांतूनच मोजावी लागते. ताऱ्यांचं वेगळं आहे. लाल खुज्या ताऱ्यावर भडका उडाला की दोन्ही प्रकाश काही मिनिटांत चढतात. श्वेत बटूवर, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्यावर, सोबतीच्या ताऱ्याचा वायू पडत असेल, तर अतिनील आणि क्ष-किरण कधी एकत्र चढतात, कधी एक चढताना दुसरा पडतो. दोन्ही वक्र शेजारी ठेवले की वस्तूची जात बऱ्याचदा तिथेच कळते.

चौकट निवडणं

सुरुवातीला स्विफ्ट उपग्रह घ्या. तो २० नोव्हेंबर २००४ रोजी सुटला. त्याची क्ष-किरण दुर्बीण, एक्सआरटी, ०.३ ते १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये पाहते, आणि ३० सेंटिमीटरची यूव्हीओटी दुर्बीण त्याच वेळी त्याच दिशेने दृश्य आणि अतिनील चित्रं घेते. एकाच वेळी दोन्ही मिळणं हीच मोठी सोय. शिवाय स्विफ्ट काही जागांवर शेकडो वेळा परतला आहे. मुख्य लक्ष्य मध्यभागी असतं, पण भोवतालची चौकट आपोआप टिपली जाते, आणि ती चौकटच आपलं सर्वेक्षण.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून किमान ३० अंश दूर असावी, नाहीतर धूळ अतिनील खाते आणि ताऱ्यांची गर्दी ओळख बिघडवते. वेगवेगळ्या तारखांना किमान वीस-पंचवीस भेटी असाव्यात. मधली वस्तू फार तेजस्वी नसावी, कारण तिचा पसरलेला प्रकाश शेजारचे फिके ठिपके झाकतो. आणि चौकट कोल्हापुरातून दिसणारी असावी, म्हणजे पुढे दृश्य प्रकाशात पाठपुरावा करता येईल. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. उणे ४० अंश क्रांतीची (क्रांती म्हणजे आकाशातला अक्षांश) वस्तूही इथे मध्यान्हवृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, ३३ अंशांपर्यंत चढते. दक्षिण आकाशाचा हा फायदा उत्तर भारतातल्या निरीक्षकांना मिळत नाही.

सरावासाठी एनजीसी ५५४८ या सायफर्ट, म्हणजे तेजस्वी केंद्राच्या सक्रिय, दीर्घिकेची चौकट उत्तम. विषुवांश (आकाशातला रेखांश) १४ तास १८ मिनिटं, क्रांती अधिक २५ अंश ८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला कलेचा साठावा), ताम्रसृती, म्हणजे प्रकाशाचं लालाकडे सरकणं, ०.०१७. दीर्घिका-अक्षांश, म्हणजे आकाशगंगेच्या पट्ट्यापासूनचं अंतर, ७० अंश, त्यामुळे वाटेतली धूळ नगण्य. २०१४ मध्ये सुमारे चार महिने स्विफ्टने दिवसातून जवळपास दोनदा तिच्याकडे पाहिलं, प्रत्येक भेट साधारण हजार सेकंदांची. एप्रिलच्या शेवटी मध्यरात्री ती कोल्हापुरात जवळपास डोक्यावर असते.

एक चूक इथेच टाळा. ई-रोझिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या पहिल्या सर्वेक्षणाची सुमारे नऊ लाख उगमांची यादी जानेवारी २०२४ मध्ये खुली झाली, पण त्यात फक्त आकाशाचा पश्चिम अर्धा भाग आहे, म्हणजे दीर्घिका-रेखांश १८० ते ३६०. एनजीसी ५५४८ चा रेखांश ३२ अंश. त्या यादीत ही चौकट कोरी दिसेल आणि 'इथे क्ष-किरण उगमच नाहीत' असा चुकीचा निष्कर्ष निघेल. कोणतीही यादी वापरण्याआधी ती आपल्या चौकटीवर पसरली आहे का, हे तपासा.

लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर

१६ जीबी रॅम आणि ५०० जीबी रिकामी जागा पुरते. नासाचं हीसॉफ्ट हे मुख्य सॉफ्टवेअर लिनक्स किंवा मॅकवर चालतं. विंडोज असेल तर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवणारी सोय) आणि त्यात उबुंटू हे लिनक्स टाका. सोबत कॅल्डबी, म्हणजे उपकरणांच्या अंशांकनाच्या फाइली, चित्रं बघायला डीएस९, याद्या जुळवायला टॉपकॅट, आणि पायथनमध्ये ॲस्ट्रोपाय. लॅपटॉप फारच जुना असेल तर सायसर्व्हर या मोफत संगणक-सेवेवर हीसॉफ्ट आधीच बसवलेलं मिळतं, ब्राउझरमधून चालवता येतं.

सुरुवातीच्या बऱ्याच अडचणी एकाच जागी असतात: हीसॉफ्ट आणि कॅल्डबीचे पत्ते टर्मिनलला सांगितलेले नसतात. नवीन टर्मिनल उघडला की दोन्हींची सुरुवातीची आज्ञा पुन्हा द्यावी लागते. ती सुरुवातीच्या फाइलमध्ये कायमची लिहून टाका. कॅल्डबी कोणत्या तारखेची वापरली हे वहीत लिहा. सहा महिन्यांनी आकडे दोन टक्क्यांनी वेगळे आले, तर कारण बहुधा तिथेच सापडेल.

फाइली नासाच्या हीसार्क संग्रहातून घ्या. स्विफ्टच्या प्रत्येक निरीक्षणाला अकरा आकडी क्रमांक असतो: पहिले आठ लक्ष्याचे, शेवटचे तीन भेटीचे. सगळं एकदम उतरवू नका. पहिल्यांदा पाचच भेटी घ्या, शेवटपर्यंतची सगळी प्रक्रिया त्यांच्यावर चालवा, चुका सापडू द्या, मग बाकीच्या आणा. एक्सआरटीच्या घटना-फाइली, यूव्हीओटीच्या प्रतिमा आणि उपग्रहाच्या दिशेची माहिती असलेला सहायक फोल्डर, हे तिन्ही हवेत. सहायक फोल्डर विसरला तर पुढची पायरी चालतच नाही.

क्ष-किरण चित्र: तीन फोटॉनचा ठिपका खरा का?

प्रत्येक भेटीवर हीसॉफ्टमधली एक्सआरटीपाइपलाइन ही आज्ञा चालवा. फोटॉन-काउंटिंग प्रकारच्या, म्हणजे एकेक प्रकाशकण (फोटॉन) सुटा नोंदवलेल्या, घटना घ्या, श्रेणी (कणाच्या शोधकावरच्या ठशाचा प्रकार) ० ते १२, ऊर्जा ०.३ ते १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. मग एक्ससिलेक्टमध्ये सगळ्या भेटींची बेरीज करून एक खोल चित्र बनवा, आणि त्याच भेटींच्या एक्स्पोजर-नकाशांचीही (चौकटीच्या कुठल्या भागाला किती वेळ मिळाला, ते नकाशे) बेरीज करा. ही दुसरी बेरीज टाळता येत नाही. उपग्रह वर्षभरात स्वतःभोवती वळत राहतो, त्यामुळे चौकटीचे कोपरे फिरतात. मध्यभागाला पूर्ण वेळ मिळतो, कडेला अर्धाही नाही. शिवाय २७ मे २००५ रोजी एका सूक्ष्म उल्केच्या धडकेने एक्सआरटीच्या सीसीडीतले काही स्तंभ कायमचे निकामी झाले. उगम त्या स्तंभावर पडला तर त्याची दीप्ती खोटी घटलेली दिसते. एक्स्पोजर-नकाशा हे दोन्ही भरून काढतो.

आता ठिपके शोधणं. समजा तुम्ही २० विकला त्रिज्येच्या खिडकीतून एकेक जागा तपासता, आणि एका भेटीत अशा खिडकीत पार्श्वभूमीचे सरासरी ०.४ फोटॉन येतात. एखाद्या खिडकीत ३ फोटॉन आले, तर ते निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ०.८ टक्के. ऐकायला फार कमी वाटते. पण एक्सआरटीची चौकट २३.६ कला रुंद आणि तेवढीच उंच, म्हणजे ५५७ चौरस कला. तिच्यात अशा सुमारे १,६०० खिडक्या बसतात. १,६०० गुणिले ०.००७९ म्हणजे बारा-तेरा. प्रत्येक चित्रात बारा-तेरा 'उगम' निव्वळ योगायोगाचे! हाच हिशेब ६ फोटॉनसाठी केला तर शक्यता दहा लाखांत चार, आणि अख्ख्या चौकटीत ०.००६ खोटे उगम. म्हणून शोधाची पायरी डोळ्यांनी ठरवू नका. पार्श्वभूमी मोजा, खिडक्या मोजा, गुणाकार करा, आणि अख्ख्या सर्वेक्षणात एकापेक्षा कमी खोटा उगम येईल अशी सीमा ठेवा. ती सीमा यादीच्या वर ठळक लिहा.

दीप्ती मोजताना तेजस्वी उगमासाठी २० पिक्सेल, म्हणजे ४७ विकला, त्रिज्येचं वर्तुळ घ्या. त्यात सुमारे ९० टक्के फोटॉन येतात. फिक्या उगमासाठी ८ ते १० पिक्सेल बरे, कारण मोठ्या वर्तुळात पार्श्वभूमीच जास्त शिरते. कमी झालेला भाग गणिताने परत मिळवता येतो. एनजीसी ५५४८ सारख्या मधल्या वस्तूभोवती दोन कला त्रिज्येचा भाग सर्वेक्षणातून वगळा आणि वगळलेलं क्षेत्रफळही नोंदवा. दर सेकंदाला ०.५ फोटॉनच्या वर गेलेल्या उगमात अनेक फोटॉन एकाच जागी पडून एक मोजले जातात, दीप्ती कमी आणि ऊर्जा जास्त दिसते. तिथे मधला गाभा वगळून कडेच्या कड्यातून मोजावं लागतं.

दिसलं नाही तर? पार्श्वभूमी नगण्य असताना शून्य फोटॉन आले, तर ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा ३ फोटॉन. २,००० सेकंदांत ती झाली सेकंदाला ०.००१५. नेहमीच्या सक्रिय दीर्घिकेच्या वर्णपटासाठी एक्सआरटीतला सेकंदाला एक फोटॉन म्हणजे साधारण ४ गुणिले १० चा उणे ११ वा घात अर्ग प्रति चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद. म्हणजे मर्यादा ६ गुणिले १० चा उणे १४ वा घात. हा आकडा रिकाम्या रकान्यापेक्षा कितीतरी मोलाचा असतो. उगम पुढच्या वर्षी दहापट उजळला, तर 'आधी इतका नव्हता' हे सांगणारा पुरावा तोच.

अतिनील चित्र

यूव्हीओटीची चौकट १७ कला, एक्सआरटीपेक्षा लहान. म्हणून कडेच्या क्ष-किरण उगमांना अतिनील जोडी मिळणार नाही. तिथे 'अतिनील नाही' असं न लिहिता 'चौकटीबाहेर' असं लिहा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तीन अतिनील गाळण्या आहेत: डब्ल्यू-१ सुमारे २६० नॅनोमीटर, एम-२ सुमारे २२५, डब्ल्यू-२ सुमारे १९३. डब्ल्यू-१ आणि डब्ल्यू-२ मधून थोडा लाल प्रकाशही झिरपतो. निळसर दीर्घिकेला त्याने फारसं बिघडत नाही, पण थंड लाल ताऱ्याची 'अतिनील' दीप्ती यात निम्म्याहून जास्त खोटी असू शकते. थंड ताऱ्यांसाठी एम-२ वरच विसंबा.

चित्रं जोडण्याआधी प्रत्येक प्रतिमेच्या शीर्षकातली दिशा-दुरुस्तीची नोंद बघा. ती 'डायरेक्ट' असेल तरच प्रतिमा बेरजेत घ्या; 'नन' असेल तर तारे काही विकला सरकलेले असतात आणि बेरजेत प्रत्येक तारा जुळा दिसू लागतो. मोजमाप यूव्हीओटीसोर्स या आज्ञेने करा: उगमाला ५ विकलांचं वर्तुळ, पार्श्वभूमीला शेजारच्या रिकाम्या जागेतलं २० विकलांचं. दीर्घिकेच्या आकारानुसार वर्तुळ बदलायचा मोह होतो, पण बदलू नका. अंशांकन ५ विकलांसाठीच केलेलं आहे.

हा शोधक एकेक फोटॉन मोजतो आणि दर ११ मिलिसेकंदांनी चित्र वाचतो. तेवढ्या वेळात एकाच जागी दोन फोटॉन आले तर एकच मोजला जातो. सॉफ्टवेअर हे बऱ्याच अंशी दुरुस्त करतं. पण फार तेजस्वी ताऱ्यांभोवती चौकोनी काळी सावली दिसली, की तो आकडा टाकून द्या.

अतिनील वक्रात एखादा बिंदू एकाएकी खाली पडलेला दिसला, तर ग्रहण सापडलं म्हणून घाई करू नका. शोधकावर काही छोटे भाग कमी संवेदनशील आहेत, आणि एनजीसी ५५४८ च्याच २०१४ च्या मोहिमेत हा दोष ठळकपणे पुढे आला. त्या दिवशी उगम शोधकावर नेमका कुठे पडला होता ते काढा, कमी संवेदनशील भागांच्या नकाशाशी ताडून बघा, आणि जुळला तर बिंदू वगळा. दुसरी खूण अशी: खरा उतार असेल तर तो शेजारच्या गाळणीतही दिसतो.

धुळीची दुरुस्ती अतिनीलात कडक असते. प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका उगम फिका. लालीचा आकडा, म्हणजे निळ्या आणि हिरव्या प्रतीतला धुळीमुळे पडलेला फरक, ०.०२ असेल तर अतिनीलात उगम सुमारे ०.१६ प्रतीने फिका दिसतो, ०.५ असेल तर जवळपास चार प्रतींनी. आकाशगंगेच्या पट्ट्यातली चौकट सुरुवातीलाच का टाळली, ते इथे कळेल.

पूरक म्हणून गॅलेक्सच्या याद्या घ्या. ५० सेंटिमीटरच्या दुर्बिणीचा हा अतिनील उपग्रह २००३ ते २०१३ चालला, त्याची चौकट १.२ अंशांची. कडेचे उगम बिघडलेले असतात, म्हणून मध्यापासून ०.५५ अंशांच्या आतलेच ठेवा. आणि आपला ॲस्ट्रोसॅट, २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला. त्याच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीची रेखीवता दोन विकलांपेक्षा बरी, गॅलेक्सपेक्षा सरळ तिप्पट. शेजारी-शेजारी असलेली दीर्घिका आणि तारा सुटे करायला ती फार उपयोगी. त्याचं निकट-अतिनील उपकरण २०१८ पासून बंद आहे, त्यामुळे नंतरच्या निरीक्षणांत फक्त दूर-अतिनील शोधा. फाइली बंगळुरूजवळच्या बायलालू इथल्या इस्रोच्या संग्रहातून ॲस्ट्रोब्राउझवर मिळतात, यूव्हीआयटीचे वक्र काढायला कर्विट नावाचं पायथन-पॅकेज आहे, आणि अडलं तर पुण्यात आयुका या खगोलशास्त्र केंद्रामध्ये ॲस्ट्रोसॅटचा साहाय्य-कक्ष आहे. आयुकाचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे. क्वेसारांवर, म्हणजे अतितेजस्वी सक्रिय दीर्घिका-केंद्रांवर, त्यांनी आयुष्यभर विचार केला. या शहरातल्या मुलांनी हे काम हाती घ्यावं याचं म्हणूनच वेगळं अप्रूप वाटतं.

जोड्या लावणं

क्ष-किरण ठिपक्याच्या जागेत फिक्या उगमाला ५ विकलांची अनिश्चितता धरा. दृश्य प्रकाशाच्या यादीत दर चौरस अंशाला १०,००० वस्तू असतील, तर ५ विकलांच्या वर्तुळात योगायोगाने एखादी वस्तू येण्याची अपेक्षित संख्या ०.०६. वर्तुळ १५ विकलांचं केलं की तीच ०.५५. म्हणजे 'थोडं सैल ठेवू, जोडी सुटायला नको' या विचाराने केलेल्या यादीत बनावट जोड्या भरमसाट शिरतात.

तपासणी सोपी आहे. क्ष-किरण यादीतली सगळी स्थानं दोन कला उत्तरेला सरकवा आणि पुन्हा जुळवा. मग दक्षिणेला, पूर्वेला, पश्चिमेला. या चार वेळा मिळालेल्या जोड्यांची सरासरी म्हणजे योगायोगाच्या जोड्या. खऱ्या स्थानांवर ४० जोड्या मिळाल्या आणि सरकवून ४, तर तुमच्या यादीतली दहातली एक जोडी खोटी आहे. टॉपकॅटमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते न करता यादी कुणाला दाखवू नये.

दीर्घिका की तारा?

आधी गाया या तारे मोजणाऱ्या उपग्रहाची यादी बघा. लंबन (पृथ्वीच्या फिरण्याने दिसणारं सरकणं) किंवा स्वगती (वस्तूचं स्वतःचं आकाशातलं सरकणं) स्पष्ट असेल, म्हणजे आपल्या त्रुटीच्या पाचपटीहून जास्त, तर तो तारा. मग वाइज उपग्रहाच्या अवरक्त प्रती: पहिल्या दोन पट्ट्यांतला फरक ०.८ किंवा जास्त असेल, तर बहुधा सक्रिय दीर्घिका.

त्यानंतर क्ष-किरण आणि दृश्य प्रकाशाचं गुणोत्तर. क्ष-किरण दीप्तीचा दहाच्या पायाचा लॉग घ्या, त्यात दृश्य प्रत भागिले २.५ मिळवा, आणि ५.३७ मिळवा. ही पद्धत ०.३ ते ३.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या दीप्तीसाठी ठरवलेली आहे, म्हणून आधी त्या पट्ट्यात रूपांतर करा. समजा लॉग उणे १३ आला. प्रत १९ असेल तर उत्तर उणे ०.०३: सक्रिय दीर्घिकेला साजेसं, कारण त्या साधारण उणे १ ते अधिक १ मध्ये पडतात. प्रत ११ असेल तर उणे ३.२३: हा साधा सक्रिय तारा. प्रत १५ असेल तर उणे १.६३: लाल खुजा तारा असू शकतो. त्यांच्या क्ष-किरणांना वरची मर्यादा असते. एकूण प्रकाशाच्या सुमारे हजाराव्या हिश्शापेक्षा ते फार वर जात नाहीत. तिघांपैकी एकच कसोटी लावून जात ठरवू नका. श्वेत बटूच्या जोड्या आणि धुळीत लपलेल्या दीर्घिका एखाद्या कसोटीत हमखास निसटतात.

चढउतार

फोटॉन मोजताना आकडे कमी-जास्त होणारच. तेवढ्यावरून उगम बदलता आहे असं म्हणता येत नाही. पाच भेटींत दर सेकंदाचे फोटॉन ०.२०, ०.२६, ०.१८, ०.३१, ०.२५ आणि प्रत्येकाची त्रुटी ०.०२ असेल, तर सरासरी ०.२४, प्रसरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज भागिले चार) ०.००२६५. त्यातून त्रुटीचा वर्ग ०.०००४ वजा करा, सरासरीच्या वर्गाने भागा, वर्गमूळ घ्या: ०.२०. म्हणजे खरा चढउतार सुमारे २० टक्के. वजाबाकी उणे आली तर 'बदल आढळला नाही' एवढंच लिहा. दर गटात वीसपेक्षा कमी फोटॉन असतील तर काय-वर्ग ही नेहमीची जुळणी-पद्धत सोडा आणि थोड्या फोटॉनसाठी असलेली कॅश-सांख्यिकी वापरा. वर्णपट काढतानाही हेच लागू.

आवर्तन शोधताना स्विफ्टची स्वतःची प्रदक्षिणा सुमारे ९६ मिनिटांची असते हे ध्यानात ठेवा. आलेखात ९६ किंवा ४८ मिनिटांचं टोक आलं, की ते उपग्रहाचं समजा. वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वकेंद्राला आणून घ्या. पृथ्वी कक्षेत पुढे-मागे असल्याने प्रकाश ८.३ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोहोचतो, आणि तासाभराच्या आवर्तनात ही चूक सगळं विस्कटते.

कोल्हापूरच्या आकाशातून

यादीतले तेजस्वी उगम आता दृश्य प्रकाशात पाहायचे. आठ इंची दुर्बीण, सीमॉस कॅमेरा आणि हिरवी 'व्ही' गाळणी पुरते. इथली अडचण आकाशाची आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि आकाश मोकळं होतं तेव्हाच कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. गुऱ्हाळांचा धूर आणि पेटवलेलं पाचट पंचगंगेच्या सपाटीवर सायंकाळनंतर थरासारखं बसतं. क्षितिजापासून ३० अंशांच्या आत काहीही मोजू नका, आणि तुलनेचा तारा नेहमी त्याच चित्रातला घ्या, म्हणजे धूर दोघांवर सारखाच पडतो. पन्हाळ्यावरून शहराचा उजेड आग्नेयेला येतो, त्यामुळे लक्ष्य मध्यान्हवृत्त ओलांडून पश्चिमेकडे उतरतानाचा वेळ ठेवा. गगनबावडा जास्त काळोखा आहे, पण घाटमाथ्यावरचं दव भिंगावर लवकर बसतं. दव रोखणारी तापपट्टी आणि दुप्पट बॅटरी न्या.

ऑक्टोबर-डिसेंबरात एसएस सिग्नी घ्या. सुमारे बाराव्या प्रतीचा हा श्वेत बटूचा जोडतारा साधारण सात आठवड्यांनी उफाळून ८.३ पर्यंत येतो. उफाळा आधी दृश्य प्रकाशात दिसतो, अतिनील मागून येतो. कडक क्ष-किरण थोडा वेळ चढून मग एकदम कोसळतात, कारण श्वेत बटूला लागूनचा वायू दाट होऊन आपली ऊर्जा अतिनीलात टाकू लागतो. उफाळ्याच्या पहिल्या बारा तासांतली तुमची नोंद उपग्रहाच्या वक्राला वेळेची खूण देते.

वेळ जागतिक वेळेत लिहा. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी, आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे हिवाळ्यातली अख्खी रात्र एकाच ज्युलियन दिवसात बसते. जागतिक तारीख मात्र पहाटे साडेपाचला बदलते. मध्यरात्रीनंतरच्या नोंदींवर भारतीय तारीख पडून एक दिवसाची चूक होते, ती तिथेच पकडा.

यादीचे रकाने

उगमाचा क्रमांक, विषुवांश, क्रांती, स्थानाची त्रुटी, एक्स्पोजर, फोटॉन, अपेक्षित पार्श्वभूमी, दीप्ती किंवा वरची मर्यादा, तिन्ही अतिनील प्रती, जोडीचं अंतर, योगायोगाची शक्यता, तिन्ही कसोट्यांची उत्तरं सुटी-सुटी, आणि ठरवलेली जात शेवटी. जात न ठरलेले उगम वगळू नका. त्यांच्यापुढे 'अनिश्चित' लिहा. मूळ फाइली, आज्ञांची नोंद आणि ही यादी अशा तिन्ही गोष्टी दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि पावसाळ्याआधी त्यांतली एक डिस्क दुसऱ्या घरी हलवा.